चिठ्ठी दुकानाची, फवारा आपला

पत्र:

भाऊ, आमची चार एकर कोरडवाहू. पऱ्हाटी आणि तूर. सासरे होते तेव्हा वर्षाला दोन-तीन फवारे व्हायचे. आता ऑगस्ट लागला की दर आठ-दहा दिवसांनी फवारा. मागच्या साली सात झाले, तणनाशक वेगळंच. कृषी केंद्रवाला चिठ्ठी लिहून देतो, माल उधारीवर मिळतो, हे आणतात आणि सगळं एका ड्रममध्ये कालवून मारतात. एक पंप यांच्या पाठीवर, दुसरा गावातल्या एका पोराच्या. मी फक्त पाणी आणून देते, ड्रम हलवते. फवारून आले की हे डोकं धरून बसतात, रात्री जेवत नाहीत. मी बोलले की म्हणतात, "तुले काय समजते, मले सवय आहे." पुण्याहून दीर फोनवर सांगतो, सगळं विष बंद करा, नैसर्गिक शेती करा. खरं कोणाचं? मागच्या ऑगस्टचं बिल सोबत पाठवते.
– एक ताई, यवतमाळ जिल्हा

ताई,

पत्र वेळेवर आलं. पेरण्या आटोपून तुमच्याकडे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, दोन-चार पानांवर असेल आणि कृषी केंद्रातलं तुमचं खातं यंदा अजून उघडायचं असेल. एकदा ते उघडलं की हंगामभर बोलायला जागा उरत नाही. म्हणून आत्ताच आणि जरा सविस्तर लिहितो.

दिराचं यंदा ऐकू नका. मालकांचंही ऐकू नका. दोघांचं भांडण फवारायचं की नाही यावर चाललंय, आणि मधल्या मधे एक गोष्ट कोणी विचारतच नाही: आज फवारा मारायचा, हे तुमच्या घरी ठरवतं कोण? पत्रावरून तरी ते दुकानाच्या काउंटरवर ठरतं. ज्यानं तुमचं शेत पाहिलेलं नाही, ज्याची मागची बाकी तुमच्याकडे आहे आणि ज्याला माल खपवायचा आहे, तो माणूस तुमच्या पिकावर किती अळी आहे ते सांगतोय. त्याला मी सरसकट दोष देत नाही. काही दुकानदार खरंच नीट सांगतात. पण हा निर्णय त्याचा नाही, तुमचा आहे.

सासऱ्यांच्या वेळचे दोन-तीन फवारे तुम्हाला आठवतात, ते बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेलं बियाणं, आल्यानंतरचे असणार. त्याच्याआधी, नव्वदीच्या दशकात, अमेरिकन बोंडअळीनं कापूसवाल्यांना घायकुतीला आणलं होतं. तेव्हाचे फवारे मोजायला गेलं तर तुमचे सात कमी वाटतील. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं आणि काही वर्षं बोंडअळीचा फवारा जवळजवळ विसरल्यासारखा झाला. पण बीटी अळीसाठी आहे, रस शोषणाऱ्या किडीवर तिचा काही इलाज चालत नाही. तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांना संकरित वाणांच्या लुसलुशीत पानांवर रान मोकळं मिळालं, त्यात युरियाचा हात सैल. मग त्यांच्यासाठी फवारे सुरू झाले. पुढं २०१४-१५ च्या सुमारास गुजरातेत दोन जनुकांच्या बीटीलाही गुलाबी बोंडअळी दाद देईना, आणि २०१७ ला ती आपल्या विदर्भात कशी उतरली ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. आज कापूसवाल्याचा एकरी कीटकनाशकाचा खर्च बीटीपूर्व काळालाही मागे टाकून गेलाय. म्हणजे मालकांची भीती खोटी नाही. पिकावर संकट आहे. त्यावरचा तोडगा मात्र चुकतोय.

आता तुमच्या बिलाकडे येऊ. ऑगस्टचा पहिला आठवडा, पीक जेमतेम दीड महिन्याचं. बिलावर सहा ओळी: इमिडाक्लोप्रिड, ॲसिफेट, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचं तयार मिश्रण, एक टॉनिक, १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत आणि औषध पानाला चिकटवणारं स्टिकर. हे सगळं एकाच ड्रममध्ये गेलं.

पहिल्या दोन ओळी एकाच कामासाठी आहेत, रसशोषक किडींसाठी. त्यातलं इमिडाक्लोप्रिड तर बियाण्याला आधीच लावलेलं होतं. सरकीच्या पाकिटात बी रंगीत दिसतं ना, ती बीजप्रक्रिया; पहिला महिनाभर झाड त्यावर निभावतं. त्याच औषधाचा पुन्हा फवारा मारला की जगलेले तुडतुडे त्याला आणखी निर्ढावतात. तिसरी ओळ बोंडअळीची. दीड महिन्याच्या पऱ्हाटीला बोंडं कुठली? पात्या, म्हणजे फुलाच्या कळ्या, लागायला नुकती सुरुवात. शिवाय सायपरमेथ्रिनसारखं औषध इतक्या लवकर मारलं की ढालकिडे, कोळी, क्रायसोपा असे तुमच्या बाजूनं लढणारे किडे आधी मरतात आणि पांढरी माशी मागून जोरात उसळते. मग सप्टेंबरात पांढऱ्या माशीसाठी वेगळी चिठ्ठी. सातातले निदान दोन फवारे आधीच्या फवाऱ्यांनीच तुमच्यावर आणले, असा माझा अंदाज आहे. टॉनिकबद्दल काय बोलावं! त्या बाटलीत काय आहे हे बिलावरून मलाही कळत नाही, दुकानदाराला विचारलंत तर तोही "पीक हिरवंगार होते" याच्यापलीकडे काही सांगणार नाही. पीक हिरवंगार झालं की तुडतुडेही खूश होतात.

यंदा करायचं ते एवढंच: चारपैकी एक एकर तुमच्याकडे मागून घ्या. भांडू नका, "तीन एकर तुमच्या मनानं, एक एकर माझ्या मोजणीनं, आणि दोन्हीचा खर्च वेगळा लिहू" असं म्हणा. बाजूवाल्यानं मारलं म्हणून आपण मारलं, ही सवय उपदेशानं सुटत नाही. वहीतल्या आकड्यांनी सुटली तर सुटते.

मोजणी तुमच्याइतकी चांगली कोणी करणार नाही, कारण निंदणापासून वेचणीपर्यंत रोज शेतात तुम्ही असता. आठवड्यातून एकदा, सकाळी ऊन चढायच्या आत, शेतात तिरपं चालत वीस झाडं निवडा. बांधाकडची सोडा. प्रत्येक झाडाचं वरचं, मधलं आणि खालचं एकेक पान हळूच उलटून खालची बाजू बघा. तिरकी पळणारी हिरवट पिल्लं ती तुडतुड्यांची. सरासरी एका पानावर दोन-तीन पिल्लांपर्यंत मजल गेली, किंवा फुलकिडे दहा, किंवा पांढऱ्या माश्या आठ-दहा दिसल्या, तर फवाऱ्याची वेळ आली. त्याच्याखाली असेल तर पंप खुंटीलाच राहू द्या. पहिले दोन महिने पाच टक्के निंबोळी अर्कावर बऱ्याचदा भागतं. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळून शंभर लिटर करायचं, दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून टाकायचा. निंबोळ्या सध्या झाडाखाली पडतायत, पोरांना गोळा करायला लावा. तयार अर्क दुकानातून विकत घ्यायची गरज नाही.

गुलाबी बोंडअळीचा हिशेब वेगळा, आणि इथंच सर्वात जास्त पैसा पाण्यात जातो. ही अळी अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात पाती, फूल नाहीतर बोंडात शिरते आणि मागचं भोक बुजून जातं. एकदा आत गेली की बाहेरून कितीही महाग औषध मारा, तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून तारीख पाहून मारलेला फवारा बहुतेक वेळा उशिरा किंवा लवकर पडतो. पीक दीड महिन्याचं झालं की एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे सापळे, लावा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले तर सावध व्हा. फुलं लागली की गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल, म्हणजे डोमकळी, दिसेल तिथं तोडून नष्ट करा. आत अळी असते. बोंडं धरली की दर आठवड्याला वेगवेगळ्या झाडांवरून वीस मध्यम हिरवी बोंडं तोडून फोडा. दोन बोंडांत अळी किंवा आतून किडीची खूण निघाली, म्हणजे दहा टक्के झाले, तेव्हा फवारा. तोही एकाच औषधाचा, पुढच्या वेळी गट बदलून. आणि कापूस डिसेंबरात आवरा. चार बोंडांच्या लोभानं फरदड ठेवली, म्हणजे जुनंच पीक पुढं लांबवलं, आणि वाळलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग धुऱ्यावर रचला, की पुढच्या सालची अळी आपणच सांभाळतो. औषधाशिवाय अळी कमी करायचा यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही, आणि नेमका हाच कोणी करत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याबद्दल, जे तुम्ही सहज लिहून पुढं गेलात: "मी फक्त पाणी आणून देते, ड्रम हलवते." ताई, सगळ्यात तीव्र औषध ड्रमपाशी असतं. पंपात ते पाण्यात विरलेलं असतं. बाटली उघडताना आणि ओतताना अंगावर उडतं ते निव्वळ. संध्याकाळी मालकांचे भिजलेले कपडेही तुम्हीच धुता, बहुतेक घरच्या कपड्यांबरोबर. म्हणजे फवारणीच्या दिवशी औषध तुमच्या अंगाला दोनदा लागतं आणि हिशेबात तुम्ही कुठंच नाही. हलवायला लांब काठी घ्या, ती दुसऱ्या कशाला वापरू नका. रबरी हातमोजे आधी तुमच्या हातात हवेत. कपडे वेगळे, साबणाच्या पाण्यात, विहीर-नाल्यापासून लांब. रिकामी बाटली तीनदा धुवून ते पाणी ड्रममध्ये ओता, मग बाटलीला भोक पाडा. तिच्यात तेल, पाणी, कशालाही जागा नाही.

मालकांसाठी सुरक्षा किट आणून देण्याचा सल्ला मी देईन, पण सप्टेंबरच्या उकाड्यात ते पूर्ण किट अंगावर ठेवणार नाहीत हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणून जे होण्यासारखं आहे ते तरी होऊ द्या. पंपाच्या झाकणातून औषध पाठीवर झिरपतं, तेव्हा झाकणाची वायसर बदला आणि पाठीला जुन्या रेनकोटचा तुकडा बांधा. तोंडाला बांधलेला रुमाल औषधानं ओला झाला की तो उलटा नाकाशी विष धरून ठेवतो. साधा मास्क घ्या, भिजला की बदला. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकायचं नाही, बारीक ब्रश ठेवा. वारा पाठीवर घेऊन चालायचं. आणि तो तंबाखू-सुपारीचा खर्रा! फवारताना मधे थांबून त्याच हातानं खर्रा तोंडात टाकणारे मी इतके पाहिलेत की किट वाटणाऱ्यांनी आधी त्याचं बघावं असं वाटतं. खर्रा त्या दिवशी घरी.

"सवय आहे" हे मात्र मान्य करू नका. ॲसिफेट, प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही ऑर्गनोफॉस्फरस गटातली औषधं. आपल्या मज्जातंतूंचं काम चालवणारं कोलिनएस्टरेज नावाचं एक विकर (एन्झाइम) ती निकामी करतात आणि ते पूर्ववत व्हायला आठवडे लागतात. दर आठ दिवसांनी फवारा म्हणजे मागचं भरून यायच्या आत पुढचा घाव. शरीराला सवय होत नाही, ते दर खेपेला थोडं खाली उतरतं. डोकेदुखी आणि मळमळ ही त्याचीच सुरुवात. डॉक्टरांना सांगून त्याच कोलिनएस्टरेजची रक्ततपासणी करून घ्या. एक हंगामाआधी, एक मधे. कागदावरचा आकडा तुमच्या शब्दापेक्षा त्यांना जास्त पटेल.

२०१७ च्या पावसाळ्यात तुमच्याच जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेनं गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. त्या साली पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, दाट, हवा कोंदट, आणि लोक तोंडासमोर, वरच्या दिशेनं फवारत होते. ड्रममध्ये चार-चार औषधं कालवलेली. पेशंट दवाखान्यात आला की नेमकं काय मारलं हे सांगता येत नव्हतं. ऑर्गनोफॉस्फरसवर ॲट्रोपिनसारखा उतारा असतो. दुसऱ्या कित्येक औषधांवर उताराच नाही, लक्षणं पाहून उपचार. कालवाकालवीला माझा विरोध पैशापुरता नाही तो यासाठी. घाम सुटला, लाळ गळू लागली, बाहुल्या बारीक झाल्या, धूसर दिसायला लागलं, उलटी झाली किंवा मांसपेशी फडफडू लागल्या तर पंप तिथंच टाकून कपडे काढा, साबणानं अंग धुवा, १०८ ला फोन लावा आणि बाटली लेबलासकट सोबत न्या. दूध, तूप, मीठपाणी काही पाजू नका. लेबलावरचा त्रिकोणही ओळखायला शिका: लाल सर्वात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. तुमच्या बिलातलं ते तयार मिश्रण पिवळ्यातलं. घरात मोनोक्रोटोफॉसची जुनी बाटली पडून असेल तर ती लाल त्रिकोणाची. ३६ टक्क्यांच्या त्या औषधावर २०२३ मध्ये केंद्रानं बंदी घातली. "संपवून टाकू" म्हणून मारू नका.

तणनाशकाबद्दल थोडक्यात. निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, हे खरं आहे. पण उभ्या पऱ्हाटीवर ग्लायफोसेट मारता येतं ते तणनाशक सहन करणाऱ्या चोरट्या बियाण्यावर, ज्याला परवानगी नाही, ज्याचं बिल नाही आणि फसलं तर दाद मागायला जागा नाही. ग्लायफोसेट स्वतः २०२२ पासून फक्त परवानाधारक कीड नियंत्रकांमार्फत वापरायचा नियम आहे. डवरणीच्या, म्हणजे ओळींमधल्या कोळपणीच्या, पाळ्या वेळेवर झाल्या तर निंदणाचा बराच भार कमी होतो. आणि काही झालं तरी तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. २,४-डी हे तणनाशक मारलेला पंप नुसता खळबळून त्यातून पऱ्हाटीवर कीटकनाशक मारलं, तर पानं आकसून झाडं वाया जातात. मग त्याला रोग समजून पुन्हा दुकानात धाव.

दिराला माझा नमस्कार सांगा. त्याची कळकळ खरी आहे, पण उधारी त्याच्या नावावर नाही. चार एकर एकदम बदलायची आणि पहिल्याच साली फटका बसला की घर पुन्हा दुकानाकडेच पळतं, आधीपेक्षा जोरात. त्याला खरंच मदत करायची असेल तर सापळे, त्यातल्या वासाच्या गोळ्या (ल्यूर) आणि हातमोज्यांचे पैसे त्यानं पाठवावेत. शंका आली तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. कृषी विज्ञान केंद्रात फोटो दाखवा. दुकानातून प्रत्येक वेळी पक्कं बिल घ्या, उधारी असली तरी. बॅच नंबर त्यावर असायला हवा.

राहिला तो गावातला पोरगा. तुमच्या घरात काही झालंच, तर सातबाऱ्यावर नाव असल्यानं गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत औषध हाताळतानाची विषबाधा बसते, मृत्यू झाल्यास कुटुंबाला दोन लाखांची मदत आहे. त्याच्या घरी सातबारा नसेल तर या योजनेत त्याला जागा नाही. आणि बहुतेक ठिकाणी असे पोरं पंपामागे पैसे घेतात. पंपावर मोल ठरलं की तो भरभर चालणार, वारा बघणार नाही, दुपारी थांबणार नाही, जास्त पंप मारून जास्त कमावणार. त्याला रोजानं लावा, सकाळी दहापर्यंत आणि मग चारनंतर, मधली दुपार सुट्टी. अठराच्या आतला असेल तर लावूच नका. मालक म्हणतील रोजानं महाग पडतं. सातऐवजी चार फवारे झाले तर पडणार नाही, वहीत मांडून दाखवा.